दमा सोडून सगळं

मला दमा आहे. एवढंसं वाक्य, पण ते पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती आणि ऐकायला घरात कोणी नव्हतं. नुसतं म्हणून पाहिलं. काही झालं नाही. मग भाजीला फोडणी दिली आणि मिरचीच्या ठसक्यानं खोकत गॅलरीत जाऊन उभी राहिले.

मी फुलंब्रीच्या अलीकडे एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते. रोज शहरातून जाऊन-येऊन. शब्दांमधलं मला जरा जास्त कळतं असा माझा समज आहे, म्हणून सांगते. ‘दम’ हा शब्द आमच्या माहेरी दिवसभर चालायचा. दम धर, जरा दम खा, त्याला चांगला दम दे, या पोरीच्या अंगात दमच नाही. त्याच शब्दाला पुढं एक काना लागला की मात्र घराची अब्रू जायची. मुलांना मी शिकवते की काना म्हणजे नुसती उभी रेघ. त्या रेघेला माझी आई आयुष्यभर घाबरली. तिनं ती रेघ माझ्या कुठल्याही कागदावर उमटू दिली नाही, आणि मला त्याचा राग किती आहे हे गेल्या हिवाळ्यापर्यंत माझं मलाही ठाऊक नव्हतं.

जालना रोडवर एक छातीच्या डॉक्टर आहेत. चार वर्षं मी त्यांच्याकडे जाते. वयानं माझ्या मुलीपेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. पहिल्या भेटीत त्यांनी दमा किती वर्षांपासून आहे असं विचारलं, आणि मी सवयीनं ॲलर्जी आहे म्हणाले. त्या लिहायच्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, ते नंतर सांगा, आधी दम्याचं सांगा. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, अशी बाई मला पंधराव्या वर्षी भेटायला हवी होती.

त्यांनी सगळं करून पाहिलं. दोन वेळा तोंडानं ओढायचा पंप, गोळ्या, दर महिन्याचं इंजेक्शन. तरी कापसाच्या दिवसांत आणि थंडीत माझी छाती शिट्टी मारतेच. वर्षातून तीन-चारदा स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्यांनी हाडं ठिसूळ व्हायला लागली आहेत. अशाच एका खेपेला डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि एका प्रयोगाबद्दल सांगितलं. मोठ्या शहरातल्या एका इस्पितळात मोजक्या रुग्णांवर तो सुरू व्हायचा होता. रक्तातल्या संरक्षण करणाऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात बदल करायचा, आणि परत त्याच माणसाच्या शिरेतून सोडायच्या. मग त्या पेशी श्वासनलिकांना सूज आणणाऱ्या पेशी हुडकून मारत राहतात. दर महिन्याला नाही. एकदाच. सगळं नीट झालं तर कित्येक वर्षं.

थोडक्यात, तुमच्याच पेशींना शिकवून परत पाठवायचं, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, शिकवून पाठवलेल्यांचं पुढं काय होतं ते मी सव्वीस वर्षं बघतेय. त्या हसल्या. मग गंभीर होऊन धोकेही सांगितले. आधी काही दिवस दवाखान्यात राहावं लागेल, ताप चढू शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि गुण येईलच अशी हमी कोणीही देणार नाही. उंदरांमध्ये फार छान झालंय, माणसांत आता कुठं सुरुवात आहे. मी उंदरांचं अभिनंदन केलं. पण बाहेर आल्यावर रिक्षात मला रडू आलं. एक आख्खा हिवाळा पाठ टेकून झोपायला मिळेल, एवढाच विचार मनात होता. बाकी विज्ञान गेलं खड्ड्यात.

अट एकच अवघड होती. किमान दहा वर्षांपूर्वीपासून दमा असल्याच्या लेखी नोंदी हव्यात, आणि स्टिरॉइडच्या गोळ्या किती वेळा लागल्या त्याच्याही. चार वर्षांच्या त्यांच्याकडं होत्या. आधीच्या मी आणायच्या.

कागद जपण्यात आमचं घर पक्कं. साडीच्या दुकानाच्या जाड पिशवीत माझे सगळे कागद होते, अगदी शाळेत असल्यापासूनचे. रविवारी ते पलंगावर पसरले आणि वाचत बसले. ॲलर्जी. सर्दी-पडसं. छातीत कफ. हवाबदलाचा त्रास. अशक्तपणा. ब्राँकायटिस, तेही दोन वेगळ्या स्पेलिंगांनी. एका कागदावर तर ‘मानसिक ताण’ लिहिलेलं सापडलं. तेव्हा मी बारावीत होते आणि दहा पावलं चालून दम लागत होता, ताण येणारच. चाळीस वर्षांत दमा सोडून सगळं लिहिलेलं होतं.

आणि गोळ्यांचं तर विचारूच नका. फुलंब्रीला, माझ्या माहेरी, आमचे एक डॉक्टर होते. सगळं गाव त्यांच्याकडं जायचं, हिंदू काय, मुसलमान काय. ते गोळ्या पुडीत बांधून द्यायचे. पांढऱ्या बारीक गोळ्या, सकाळी दोन, दुपारी एक, पाच दिवस. नाव नाही, चिठ्ठी नाही. त्या पुड्यांमध्ये काय होतं ते मला आता कळतं. तेव्हा आम्ही त्यांना ‘ताकदीच्या गोळ्या’ म्हणायचो. अशा किती पुड्या मी गिळल्या असतील याचा हिशोब देवालाही लागणार नाही.

राग आला तो पहिल्यांदा आईचा. मग वाटलं, आई माझ्याबरोबर फक्त फुलंब्रीच्या दवाखान्यात होती. लग्नानंतर शहरात मी चार डॉक्टर बदलले, तिथं कोण होतं? तिथं मीच होते. प्रत्येकाला दारातून आत जातानाच मी सांगायचे की मला ॲलर्जी आहे, आणि त्यांनी मी सांगितलं ते लिहिलं. शिकलेली बाई, त्यातून शिक्षिका. कशाला संशय घेतील?

शाळेत दरवर्षी आरोग्य तपासणी होते. प्रत्येक मुलाचा तक्ता आम्ही शिक्षकच भरतो. काही वर्षांपूर्वी सहावीतल्या एका मुलीची आई माझ्याकडं आली, पदर तोंडाला लावून म्हणाली, “बाई, दमा नका लिहू. पोरीची जात हाय.” मी एक अक्षर न बोलता ‘ॲलर्जी’ लिहिलं, सुंदर अक्षरात. त्या वेळी मला आपण फार समजूतदार आहोत असं वाटलं होतं. आज ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटते.

माझ्या लग्नाची गोष्ट तर मी आता चेष्टा म्हणूनही सांगते, पण तेव्हा जीव जायची वेळ आली होती. साखरपुडा झाल्यावर सासरच्या मंडळींनी आम्हाला दौलताबादला बोलावलं. किल्ला बघू, खाली झाडाखाली डबे खाऊ, असा साधा बेत. पंप तेव्हा नुकताच मिळाला होता. आईनं तो हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात लपवला होता, आणि त्या दिवशी तिनं तो घेऊ दिला नाही. पर्समधून पडला तर काय सांगायचं? पंप म्हणजे शेवटची पायरी, असं तेव्हा सगळे समजायचे, आणि आजही निम्मे समजतात.

मी गड चढले. होणारा नवरा पुढं, मी मागं, आणि हसतमुख. अंधारी, म्हणजे किल्ल्यातला तो काळोखा भुयारी मार्ग, लागेपर्यंत निभावलं. आत वटवाघळांचा उग्र वास, त्यात वाट दाखवणाऱ्या माणसानं मशाल पेटवलेली. तिचा धूर छातीत गेला आणि मी भिंतीला धरून खालीच बसले. श्वास आत जाईना, बाहेर येईना. लोकांनी उचलून उजेडात आणलं. सासूबाई घाबरल्या. आई तेवढ्यात म्हणाली, “काय नाय हो, लहानपणापासून अंधाराला लई भिते.”

सगळ्यांना ते पटलं. लग्न झाल्यावर सासूबाईंनी, त्या बिचाऱ्या फार भल्या होत्या, माझ्यासाठी बोळात रोज दिवा चालू ठेवला. मला अंधाराची भीती कधीच नव्हती. पहिल्या थंडीत नवऱ्याला पंप सापडला. तो चितेगावला एका कारखान्यात कामाला होता, बोलणं मोजकं. पंप हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाला, “आधी सांगितलं असतं तर गड चढायला नेलं नसतं.” बस, एवढंच. ज्याच्या धाकानं आईनं माझा जीव टांगणीला लावला, त्या माणसाचं म्हणणं हे होतं.

तर, कागद नाहीत हे मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी प्रयोगवाल्यांशी बोलून एक वाट काढली. ज्यांनी लहानपणी उपचार केले त्यांचं पत्र आणा. शिवाय घरातलं कोणी वडीलधारं, ज्यांनी आजार सुरुवातीपासून पाहिलाय, त्यांनी समोर येऊन सांगावं आणि सही करावी. मग विचार करता येईल.

फुलंब्रीचे डॉक्टर अजून आहेत. दवाखाना बंद झाला, दिसतं कमी, पण मला त्यांनी आवाजावरून नाही, छातीवरून ओळखलं. मी जिना चढून गेले होते. पलंगावर उठून बसत म्हणाले, “अभीबी वैसीच आवाज है.” मी काम सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मग जे सांगितलं ते मी विसरणार नाही. “मय तो लिखनेवालाच था, बेटी. कलम कागज पे थी. तुम्हारी अम्मा हात जोडको खडी हुई.” पत्र त्यांनी लगेच दिलं, थरथरत्या अक्षरात, पहिल्याच ओळीत तो शब्द. ते बघून मला भरून यायला हवं होतं. पण आला तो संताप. त्यांना सगळं माहीत होतं. एवढा जाणता माणूस, आणि एका बाईनं हात जोडले म्हणून खोटं लिहितो. त्यांना तसं मी बोलले नाही, चहा प्यायले आणि पाया पडून आले.

मग आई. ती भावाकडं असते, फुलंब्रीलाच. एक दिवस शाळेतून तशीच पुढं तिच्याकडं गेले आणि सगळं समजावून सांगितलं. तुझ्या एका वाक्यावर आहे म्हटलं. तिनं शांतपणे ऐकलं, पेशी काढतात तेव्हा दुखतं का ते विचारलं, आणि येते म्हणाली. एवढ्या सहज हो म्हटल्यावर खरं तर मला शंका यायला हवी होती.

त्या दिवशी दवाखान्यातली लिफ्ट बंद होती. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. आई पहिल्या वळणावर थांबली आणि भिंतीवरच्या पाट्या वाचायला लागली. दाताचा दवाखाना, शिकवणी, विम्याचं ऑफिस. तिला पाट्या वाचायची आवड आहे असं मी लहानपणापासून समजत आले. दुसऱ्या वळणावरही ती थांबली. तिथं एकही पाटी नव्हती.

आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी तिला पाणी दिलं, बसू दिलं, आणि मग विचारलं की तुमच्या मुलीला दमा कोणत्या वयापासून आहे. आईनं माझ्याकडं पाहिलंही नाही. म्हणाली, “दमा? नाय हो. ॲलर्जी हाय तिला.”

मला वाटलं, सवय आहे, जीभ घसरली. डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं, हळू आवाजात. कागद बाहेर कुठं जाणार नाही, हेही सांगितलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “नातीचं बघायलोत यंदा. चांगलं स्थळ आलंय. आईला दमा हाय असा सहीचा कागद झाला तर पोरीला कोण करंल?”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझी मुलगी पुण्याला नोकरी करते, तिला कोण करेल याची चिंता ती स्वतः करायला समर्थ आहे. मी काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, माझं आयुष्य तू डाळीच्या डब्यात घातलंस, आता तिचंही घाल. बोलता बोलता मला खोकल्याची उबळ आली आणि पुढचं बोलणं खोकल्यातच गेलं.

डॉक्टरबाई मात्र माझ्याकडं बघत नव्हत्या, त्या आईच्या खांद्यांकडं बघत होत्या. दोन जिने चढून पाव तास झाला होता, तरी आईचे खांदे वर-खाली होत होते. त्या उठल्या आणि आईला न विचारताच तिच्या पाठीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं. मग समोर येऊन म्हणाल्या, “आजी, तुम्हाला हे किती वर्षांपासून आहे?”

आईनं आता माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, वयाचं आहे म्हणेल. आम्हाला सगळ्यांना ती तेच सांगत आली होती. “लग्नाच्या आधीपासून,” ती म्हणाली.

खोलीत मला बसवेना. माझे वडील तिच्याबरोबर अठ्ठेचाळीस वर्षं राहिले. तहसील कचेरीत कारकून होते, घरात कोणाच्या शाईचा डागसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. ते गेले, त्यांना हे माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं, जिला दुसऱ्याच्या छातीतली शिट्टी बसच्या गोंगाटातही ओळखू येते. मी विचारलं, अगं, बाबांना कळलं कसं नाही? तिनं अगदी घरकामाची रीत सांगावी तसं सांगितलं. “चूल होती ना. श्वास लागला की चुलीपुढं जाऊन बसायचं, फुंकणी घ्यायची. धुरानं समदेच खोकतात.”

मला ओरडायचं होतं, आणि कोणावर ते कळत नव्हतं. धुरानं दमा वाढतो हे पाचवीच्या पोराला सांगता येईल. ही बाई श्वास कोंडला की धुरात जाऊन बसत होती, आयुष्यभर, कारण घरात तेवढी एकच जागा होती जिथं खोकलं तर कोणी कारण विचारत नाही. याला काय म्हणायचं? लोक सोसणं म्हणतात, कौतुक करतात. मी नाही करणार. एका शब्दाच्या धाकानं स्वतःला धुरी देत बसणाऱ्या बायकांचं कौतुक ज्यांना करायचंय त्यांनी खुशाल करावं. मला त्या सगळ्यांचा राग आहे ज्यांच्यासाठी ती तिथं बसली, आणि तिचाही आहे. कळलं म्हणून राग जात नाही. उलट आता तो नेमका कुठं ठेवायचा ते कळत नाही, एवढाच फरक.

त्या दिवशी आईचा केसपेपर निघाला. तिला पंप दिला. माझ्या अर्जावर तिनं सही केली, सावकाश, पूर्ण नाव लिहून. डॉक्टरबाईंनी फुलंब्रीच्या डॉक्टरांचं पत्र, आईची सही आणि आईला दमा असल्याची नोंद, असं सगळं पाठवून दिलं. आईला दमा असणं हाही एक पुरावाच आहे, अशी त्यांची आशा होती.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सभ्य भाषेत नाही म्हटलं होतं. नंतर लिहिलेली पत्रं चालणार नाहीत, त्या त्या वेळी लिहिलेल्या नोंदी हव्यात, म्हणजे पेशी दिल्यानंतर फरक पडला की नाही हे मोजता येतं. आधीचंच माहीत नसेल तर नंतरचं कशाशी ताडून बघायचं? मला त्यांच्यावर रागवायचं होतं, पण त्यांचं बरोबर होतं. वर्गात मीसुद्धा तेच म्हटलं असतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, नोंदी ठेवत राहू, पुढं आणखी प्रयोग होतील. मी मनात वय मोजलं. नोंदी चार वर्षांच्या, दहा भरायला अजून सहा. सहा वर्षांनी मी सत्तावन्न.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आईकडं गेले. ती ओट्यावर बसून मेथी निवडत होती. मी सांगितलं, नाही झालं. कागद पाहिजे होते. तिनं एका काडीची पानं खुडून घेतली. मग विचारलं, “तुझी जागा मग कुणाला?”

मी म्हटलं, असेल कोणीतरी. दमा सगळ्यांचा सारखाच असतो, पण त्याचे लहानपणापासूनचे कागद असतील.

आईनं हातातली जुडी खाली ठेवली.

“त्याच्या आईनं लिहू दिलं असंल,” ती म्हणाली.